स्तनातील साधी गाठ : काढावी की ठेवावी?



ग्रामीण भागात व्यवसाय करणाऱ्या वैद्याकडे स्त्री ज्या तक्रारी सर्वांत उशिरा घेऊन येते, त्यांत स्तनातील गाठ ही प्रमुख आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई येथे व आसपासच्या वाड्यावस्त्यांवर रुग्णसेवा करताना आम्हांस हा अनुभव वारंवार येतो. गाठ हाताला लागून महिने लोटलेले असतात. कांद्याची काढणी होऊ द्या, ऊस जाऊ द्या, मुलीचे लग्न होऊ द्या, असे करता करता दिवस पुढे ढकलले जातात. शेवटी सर्दी-खोकल्याचे निमित्त काढून ती येते आणि औषधाची पुडी हातात पडल्यावर, उठता उठता, हळूच सांगते, "अजून एक विचारायचं होतं."

या वेळी तिच्या मनात दोनच प्रश्न असतात. ही गाठ वाईट तर नाही ना, हा पहिला आणि ती काढावी लागेल का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याखेरीज दुसऱ्याचे उत्तर देऊ नये, हे प्रस्तुत लेखाचे सार आहे. हे वाक्य सर्वांना मान्य होईल. तथापि व्यवहारात आपल्यापैकी अनेकांकडून, आमच्याकडूनही, याच ठिकाणी चूक घडते. म्हणून हा लेखनप्रपंच.

शास्त्रविचार

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दहाव्या अध्यायात स्तनरोगांचे व अकराव्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे वर्णन आहे. स्तनरोगांविषयी आचार्य सांगतात की, कन्यावस्थेत स्तनाश्रित धमन्यांची द्वारे संकुचित असतात, म्हणून त्या वयात स्तनरोग होत नाहीत. गर्भिणी व प्रसूता स्त्रियांत ती विवृत होतात. हे वर्णन मुख्यत्वे स्तनविद्रधीस, म्हणजे अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या पिकणाऱ्या स्तनशोथास लागू पडते. सतरा-अठरा वर्षांच्या अविवाहित मुलीच्या स्तनात आढळणारी, न पिकणारी, गोल, हलणारी गाठ या वर्णनात बसत नाही. तिचा विचार अकराव्या अध्यायातील ग्रंथीच्या अंगाने करावा लागतो. वर्तुळाकार, उंचवटा असलेला, गाठाळलेला शोथ तो ग्रंथी; आणि स्थिर, अल्प वेदनेचे, मोठे, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे ते अर्बुद, असा भेद तेथे केलेला आहे.

यातील 'अल्प वेदनेचे' हे लक्षण प्रत्येक वैद्याने मनावर कोरून ठेवावे. आपल्या भागात "दुखत नाही, म्हणजे साधी आहे" असा दृढ समज आहे. शास्त्र नेमके उलट सांगते, आणि आधुनिक अनुभवही तोच आहे. स्तनाचा कर्करोग बहुधा वेदनारहित गाठीच्या रूपानेच प्रथम प्रकट होतो.

चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात या लेखाच्या प्रश्नाचे थेट सूत्र मिळते. जो ग्रंथी मर्मस्थानी नाही व औषधोपचाराने शमत नाही, तो पिकण्यापूर्वीच शस्त्राने काढावा, असे आचार्य म्हणतात. याच अध्यायात, अर्बुदाचा अंश शिल्लक राहिल्यास ते पुन्हा उद्भवते, हा इशाराही आहे. शारीरस्थानात स्तनांच्या खाली दोन अंगुळांवर स्तनमूल व चूचुकांच्या वर दोन अंगुळांवर स्तनरोहित ही मर्मे सांगितली आहेत. या प्रदेशातील शस्त्रकर्म किरकोळ समजू नये, हे त्यावरून स्पष्ट होते.

आणि सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात आचार्यांनी दोन प्रकारच्या वैद्यांना एकाच पंक्तीला बसवून दोष दिला आहे : अज्ञानाने आम शोथ छेदणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा. तेथे विषय पिकणाऱ्या शोथाचा आहे. परंतु स्तनाच्या गाठीतही हीच दोन टोके दिसतात. एक वैद्य गाठ दिसली की "काढून टाका" म्हणतो, दुसरा "काही होत नाही, औषध घ्या" म्हणतो. निश्चिती न करता बोलल्यामुळे दोघेही सारखेच चुकतात.

'साधी' कोणी ठरवायची?

गाठ साधी आहे हे हाताने ठरत नाही. हाताने शंका घेता येते आणि पुढील दिशा ठरवता येते. निश्चितीसाठी आज जगभर तीन गोष्टी एकत्र पाहण्याची पद्धत रूढ आहे : प्रत्यक्ष परीक्षण, प्रतिमा-तपासणी आणि पेशींची अथवा ऊतींची तपासणी.

परीक्षण मासिक पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात करावे. रुग्णेस बसवून, हात वर घ्यावयास सांगून दोन्ही स्तनांची ठेवण पाहावी. नंतर निजवून मधल्या तीन बोटांच्या पेरांनी संपूर्ण स्तन, काख व गळपट्टीच्या हाडावरील भाग तपासावा. पुरुष वैद्याने शेजारी स्त्री-सहायिका असल्याखेरीज हे परीक्षण करू नये. गाठ कठीण, ओबडधोबड, खाली चिकटलेली असणे, त्वचेवर खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, चूचुक नव्याने आत ओढला जाणे, एका बाजूने रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास त्याच दिवशी चिठ्ठी द्यावी.

चाळीस वर्षांखालील स्त्रीमध्ये प्रथम सोनोग्राफी व त्यापुढील वयात मॅमोग्राफीसह सोनोग्राफी, असा सर्वसाधारण क्रम आहे. अहवालात 'बायरॅड्स' अशी श्रेणी दिलेली असते, ती वाचावयास प्रत्येकाने शिकावे. २ म्हणजे साधी. ३ म्हणजे बहुधा साधी, परंतु सहा महिन्यांनी पुन्हा पाहण्याजोगी. ४ व ५ म्हणजे तुकडा काढून तपासणे आवश्यक. पेशींची तपासणी बारीक सुईने म्हणजे एफएनएसीने, अथवा जाड सुईने ऊतीचा तुकडा घेऊन म्हणजे कोअर बायोप्सीने होते. दुसरी पद्धत अधिक माहिती देते. अगदी तरुण मुलीत गाठीची सर्व लक्षणे नमुनेदार असतील, तर काही तज्ज्ञ सुईशिवाय केवळ निरीक्षणही सुचवतात. तो निर्णय त्यांनी घ्यावा. "गाठीला सुई टोचली की ती चिघळते" हा समज आपल्या भागात फार आहे. सुईमुळे साधी गाठ कर्करोगात बदलत नाही, हे आपण ठामपणे सांगितले पाहिजे.

तिन्ही तपासण्यांचे उत्तर 'साधी' असे एकमुखी आले, तर त्या गाठीत कर्करोग असण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी उरते. तिन्हींत मतभेद असेल, तर ज्या तपासणीने शंका घेतली तिचे ऐकावे.

आमच्याकडून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वी बेचाळीस वर्षांची एक शेतकरी स्त्री आमच्याकडे आली. उजव्या स्तनात वरच्या बाहेरील भागी सुपारीएवढी गाठ होती, वेदना नव्हती. "जुनीच आहे, साधी आहे म्हणून सांगितलंय," असे ती म्हणाली. कोणी सांगितले, कशावरून सांगितले, हे आम्ही विचारले नाही. कागद मागितला नाही. कफप्रधान ग्रंथी मानून कांचनार गुग्गुळ व काढा सुरू केला. प्रत्येक पंधरवड्यास ती येई, आम्ही गाठ चाचपून पाहत असू आणि "वाढलेली नाही" असे समाधान मानीत असू. तीन महिन्यांनी काखेत दुसरी गाठ लागली, तेव्हा आम्ही तिला पुण्यास पाठविले. तुकड्याच्या तपासणीत कर्करोग निघाला.

त्या स्त्रीचे उपचार पूर्ण झाले, ती आजही तपासणीस जाते. तिने आम्हांस दोष दिला नाही. परंतु ते तीन महिने आमच्यामुळे गेले, ही गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. औषध चुकीचे होते की बरोबर, हा मुद्दाच नव्हता. निदान झालेले नसताना चिकित्सा सुरू झाली, हा दोष होता. तेव्हापासून आमच्या चिकित्सालयात नियम आहे : तपासणीचा कागद डोळ्यांनी पाहिल्याखेरीज स्तनाच्या गाठीवर औषध, लेप वा काढा यांपैकी काहीही दिले जात नाही.

गाठ ठेवावी केव्हा?

निश्चिती झाल्यावर मात्र घाई करण्याचे कारण उरत नाही. तरुण वयात आढळणारी बहुसंख्य साधी गाठ म्हणजे फायब्रोॲडिनोमा. ती साधारणतः पंधरा ते पस्तीस या वयात येते, एक ते तीन सें.मी. आकाराची, रबरासारखी, बोटाखालून निसटणारी असते. अशा अनेक गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात, काही आपोआप लहान होतात, थोड्या वाढतात. गर्भारपणात व अंगावर पाजण्याच्या काळात त्या वाढू शकतात, रजोनिवृत्तीनंतर बहुधा आकसतात. साध्या प्रकारच्या फायब्रोॲडिनोमाचे कर्करोगात रूपांतर होणे अत्यंत दुर्मीळ आहे. "आज साधी आहे, उद्या कॅन्सर होईल, म्हणून काढा" हे वाक्य म्हणूनच शास्त्राला धरून नाही.

गाठ आपोआप लहान होऊ शकते, याचा दुसरा अर्थही आपण प्रामाणिकपणे लक्षात घ्यावा. औषध चालू असताना गाठ कमी झाली, तर ती औषधानेच कमी झाली असे एका रुग्णेवरून म्हणता येत नाही. निदान निश्चित झालेल्या रुग्णेस आपण शास्त्रोक्त औषध अवश्य द्यावे, पण आधीचे व नंतरचे सोनोग्राफीचे माप नोंदवूनच.

पस्तीस ते पन्नास या वयात पाण्याने भरलेल्या गाठी आढळतात. सोनोग्राफीत केवळ पाणी दिसत असेल, तर त्या काढाव्या लागत नाहीत. दुखत असल्यास सुईने पाणी काढले जाते. पाणी रक्ताळलेले निघाले, पाणी काढूनही गाठ उरली, अथवा ती पुन्हा पुन्हा भरू लागली, तर पुढील तपासणी हवी. क्षयामुळे होणारी स्तनातील गाठ अथवा जुनाट शोथ यांतही प्रथम कापणे हा उपाय नव्हे; निदान झाल्यावर त्या त्या रोगाची चिकित्सा करावयाची असते.

एका गोष्टीचा विशेष उल्लेख करणे आवश्यक आहे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलीच्या एकाच बाजूस, चूचुकाखाली, चकतीसारखा टणक भाग लागला, तर तो बहुधा उमलू लागलेला स्तन असतो. दुसरी बाजू काही महिन्यांनी येते. ही 'गाठ' समजून काढली गेल्यास त्या मुलीचा तो स्तन कायमचा वाढत नाही. घाबरलेल्या आईस धीर देणे, हीच येथे चिकित्सा आहे.

गाठ काढावी केव्हा?

पुढील परिस्थितीत शल्यतज्ज्ञ बहुधा गाठ काढण्याचा सल्ला देतात.

१) तिन्ही तपासण्यांचे उत्तर एकसारखे नसणे, अथवा तुकड्यात असामान्य पेशीवाढ आढळणे.

२) गाठ वेगाने वाढणे. सर्वसाधारणपणे सहा महिन्यांत व्यास २० टक्क्यांहून अधिक वाढल्यास पुनर्विचार करतात.

३) फायलोडस प्रकारच्या गाठीची शंका असणे. ही वरकरणी फायब्रोॲडिनोमासारखीच भासते, पण बहुधा चाळिशीच्या सुमारास येते, वेगाने वाढते, आणि सभोवतालच्या निरोगी ऊतीसह न काढल्यास पुन्हा होते. अवशेष राहिल्यास पुनरुद्भव, हे सुश्रुताचार्यांचे वचन येथे आठवावे.

४) गाठ तीन सें.मी.हून मोठी असणे अथवा तिने स्तनाचा आकार बदलणे. पाच सें.मी.हून मोठीस महाकाय फायब्रोॲडिनोमा म्हणतात. ती काढणेच इष्ट.

५) एका नलिकेतून रक्तमिश्रित स्राव व त्या ठिकाणी गाठ असणे.

६) वेदना, अथवा सर्व समजून घेतल्यानंतरही रुग्णेस गाठ नको असणे.

सहावे कारण अनेक जण कारणच मानत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या एका चौतीस वर्षांच्या शिक्षिकेची गाठ दीड सें.मी.ची, तिन्ही तपासण्यांत निर्विवाद साधी होती. परंतु तिच्या मावशीस कर्करोग झालेला होता. दोन वर्षे ती रोज रात्री गाठ चाचपून झोपत असे. तिने गाठ काढून घेतली व तिची झोप परत आली. हा निर्णय आम्ही चुकीचा मानत नाही.

निर्णय कोणाचा?

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले होते. आई म्हणाली, "डॉक्टर, लग्नाआधी काढूनच टाका. सासरी कळलं तर काय म्हणतील?" तपासणीत दोन सें.मी.ची साधी गाठ निघाली. आम्ही आईस बाहेर बसवून मुलीस एकटीस विचारले. ती म्हणाली, "मला काही त्रास नाही. पण आई रडते." तिला शस्त्रकर्मही नको होते आणि त्याचा व्रणही.

आम्ही दोघींना एकत्र बसवून हिशेब समजावला. गाठ काढल्यास व्रण राहील, काहींमध्ये तो जाड होऊन उठून दिसतो. चूचुकाजवळ छेद घ्यावा लागल्यास काही दुग्धवाही नलिकांना इजा होऊ शकते. शिवाय एक काढली तरी दुसरी नवी येऊ शकते. गाठ ठेवल्यास सहा-सहा महिन्यांनी तपासणीस यावे लागेल, निदान दोन वर्षे. गर्भारपणात ती वाढली तर पुन्हा दाखवावे लागेल. मुलीने ठेवण्याचा निर्णय घेतला. आईची भीती सासरच्या लोकांची होती, गाठीची नव्हे. तिच्यावर उपाय म्हणून अहवालाची प्रत व 'ही गाठ साधी असून विवाह, गर्भधारणा वा स्तनपान यांस बाधक नाही' अशी आमची लेखी चिठ्ठी दिली. मुलगी सासरी गेली. तपासणीस माहेरी आली की येते.

येथे एक गोष्ट आम्हांस शिकावयास मिळाली. आई, पती, सासू वा वैद्य यांपैकी कोणाच्याही सोयीसाठी हा निर्णय होऊ नये. तपासणी टाळण्याचा पर्याय आपण रुग्णेसमोर ठेवूच नये. पण तपासणी पूर्ण झाल्यावर काढणे व ठेवणे हे दोन्ही पर्याय सारख्या आवाजात तिच्यासमोर मांडावेत.

शस्त्रकर्म ठरल्यास

काढलेली प्रत्येक गाठ, ती कितीही साधी दिसो, ऊती-तपासणीस गेलीच पाहिजे. गाठ नातेवाइकांना दाखवून टाकून दिली जाते, असे प्रकार अजूनही ऐकू येतात. गाठ १० टक्के फॉर्मालिनमध्ये, तिच्या अनेक पट द्रवात बुडवून पाठवावी लागते. केवळ सलाइनमध्ये ठेवल्यास ती खराब होते. अहवालाची मूळ प्रत रुग्णेने आयुष्यभर जपून ठेवावी, असे तिला आवर्जून सांगावे.

नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेने शल्य व शालाक्य विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणात ५८ शस्त्रकर्मांची यादी समाविष्ट झाली. त्यावरील अधिकाराच्या वादात आम्ही येथे शिरत नाही. कोणीही शस्त्र हाती घेवो, निश्चितीपूर्वी घेऊ नये, एवढेच आमचे म्हणणे. स्तनाच्या गाठीवर अग्निकर्म, क्षार वा जलौका यांचा प्रयोग निदानापूर्वी कदापि करू नये. त्वचेवरील व्रणामुळे पुढील परीक्षण व प्रतिमा-तपासणी दोन्ही अवघड होतात.

रुग्णेस पाठवताना गावातील प्राथमिक आरोग्य केंद्र, शिरूरचे ग्रामीण रुग्णालय व पुण्याचे ससून सर्वोपचार रुग्णालय ही वाट तिला कागदावर लिहून द्यावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. तिचे शस्त्रकर्म योजनेत बसते काय, हे त्याच्याकडे दाखल होण्यापूर्वीच विचारण्यास सांगावे.

औषधालयचालकांसाठी

"गाठीवर काही द्या" असे म्हणणारी स्त्री, अथवा तिच्यासाठी आलेला घरचा पुरुष, पुष्कळदा प्रथम आपल्या दुकानात येतो. गुग्गुळाचा डबा पुढे करण्यापूर्वी "डॉक्टरांना दाखवलं का?" हा एक प्रश्न विचारावा. औषध व जादूचे उपाय कायदा, १९५४ च्या परिशिष्टात कर्करोग, गाठी तसेच स्त्रीच्या स्तनाचा आकार व ठेवण यांचा समावेश आहे; या विकारांवर गुण येईल अशी जाहिरात करण्यास मनाई आहे. तशी पत्रके वा फलक दुकानात लावू नयेत.

आपले हात उपयोगी आहेत

मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांचे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, असे चार वेळा, केवळ हाताने स्तनपरीक्षण केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात कर्करोग लवकरच्या अवस्थेत आढळला. एकूण मृत्यूंतील घट निर्णायक नव्हती, परंतु पन्नास वा अधिक वयाच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. यंत्राशिवाय, डॉक्टर नसलेल्या हातांनी हे घडले. आपण तर नाडी पाहणारे, उदर चाचपणारे वैद्य आहोत. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीस हे परीक्षण आपण विचारून, तिच्या संमतीने करावे आणि शंका येताच पुढे पाठवावे.

सारांश, गाठ आढळल्यावर वैद्याने प्रथम कागद मागावा. कागद नसेल तर चिठ्ठी द्यावी. गाठ साधी ठरली तर काढण्याची व ठेवण्याची कारणे रुग्णेस सांगून निर्णय तिच्यावर सोपवावा. ठेवली तर पुढील तपासणीची तारीख तिच्या कागदावर व आपल्या वहीत, दोन्हीकडे लिहावी. आणि ती त्या तारखेस आली नाही, तर घरी निरोप धाडावा.